कादंबरी आणि उपन्यास

कादंबरीच्या नावांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की 'कादंबरी' हा अस्सल मराठी शब्द, हिंदीवाले 'उपन्यास' म्हणतात. लेख आवडला, पण इथे कन्नडला विसरून चालणार नाही. कन्नडमध्येही नॉव्हेलला कादंबरीच म्हणतात. दोघांनीही तो शब्द घेतला तो सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेवरून. बाण ती अर्धवट टाकून गेला आणि त्याच्या मुलाने पुरी केली. कादंबरी हे त्यातल्या नायिकेचं नाव. म्हणजे एका मुलीचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला मिळालं! मला तर हे फार लोभस वाटतं. (संस्कृतात कादंबरी म्हणजे एक प्रकारचं मद्यही बरं का.)

'उपन्यास'ची गंमत पुढची. मूळ संस्कृत अर्थ जवळ ठेवणे, मांडणी करणे. हिंदी-बंगालीत त्याची कादंबरी झाली, कन्नड-तेलुगूत व्याख्यान. त्यामुळे धारवाडला सभागृहाबाहेर 'उपन्यास' असा फलक दिसला तर आत भाषण चालू असतं, आणि तिथल्या कॉलेजातला लेक्चरर हा 'उपन्यासक'. गुजरातीने मात्र इंग्रजी नॉव्हेललाच जवळ करून 'नवलकथा' केली. कानाला किती आपली वाटते! पुढच्या भागात दक्षिणेतल्या भाषाही जरूर घ्या.