खोबरेलवाल्या भाऊंना उत्तर

मेकअप रिमूव्हरच्या माझ्या लेखात मायसेलर वॉटरबद्दल (कापसावर घेऊन मेकअप पुसायचं पाण्यासारखं द्रावण) लिहिलं होतं. त्यावर एका भाऊंनी लिहिलं आहे: "आमची माय खोबरेल तेलानंच तोंड पुसायची, तिला कधी मुरूम आला नाही. खेड्यातल्या पोरींना मायसेलर वॉटर काहून शिकवता? दुकान चालवायचं असेल तर तसं सांगा. मुलीला आणून दिलं, तर तिचे डोळे चुरचुरले."

मत पटलं नाही तर नाही जी, त्याचं काही नाही. पण "दुकान चालवायचं असेल तर" हे काय बोलणं झालं? माझं दुकान नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत मी नवऱ्या सजवते. लेखात एका कंपनीचं नाव घेतलं असेल तर दाखवा. समोर बसले असते तर असं बोलले असते का तुम्ही?

खोबरेलानं काजळ निघतं, हे मान्य. वॉटरप्रूफ मस्कारासुद्धा सुटतो. सायकलच्या चेनचं ग्रीस पाण्यानं जात नाही, रॉकेलनं जातं, हे तुम्हाला मी काय सांगू! पण तेल वाईट असं मी लिहिलंच कुठं? कोरड्या त्वचेला क्लिन्झिंग बाम किंवा तेलच घ्या, असं स्पष्ट लिहिलंय. तेलकट, मुरूम येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल नको म्हटलं, कारण त्यानं छिद्रं बुजू शकतात आणि नुसत्या पाण्यानं ते धुतलं जात नाही. मेकअप काढायच्या क्लिन्झिंग ऑइलमध्ये इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ, असतो. पाणी लागलं की ते पांढरं होऊन वाहून जातं. खोबरेल तसंच चिकटून राहतं. मग बाया काय करतात? अंगाचा साबण घासतात. त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 9-10, त्वचेचा साधारण 5. त्यात आपल्याकडचं बोअरचं जड पाणी, फेस येत नाही, वर साबणाचाच थर बसतो.

आणि मायनं तोंडाला लावलं काय होतं? कुंकू, फार तर पावडर. आजची नवरी मे महिन्यात, 45 अंशांत मांडवात बसते. घामानं बेस उतरू नये म्हणून आधी सिलिकॉनचा प्रायमर (मेकअपच्या खालचा थर), वॉटरप्रूफ फाउंडेशन, वरून मॅट लिपस्टिक. दोन्ही एकच कसं?

अनुभवच सांगायचा तर माझाही ऐका. बारावीत माझ्या कपाळावर मुरूम होते. आजी मोठ्या मायेनं रोज रात्री खोबरेल चोळायची. कपाळ भरून गेलं. तेल सोडलं, साध्या फेसवॉशवर आले, तेव्हा कुठं उतरलं. हे मी कुठं वाचून सांगत नाही. तुमच्या मायचं खरं, अन् माझं कपाळ खोटं?

"खेड्यातल्या पोरींना" यावर मी बोलणारच नाही. खेड्यात काय वेगळी कातडी घेऊन जन्मतात?

राहिलं मुलीच्या डोळ्यांचं. बाटली कोणती, ते लिहिलं नाही, मग मी काय सांगू? नवी वस्तू आधी कानामागे लावून पाहा, कापूस मिटलेल्या पापणीवर थोडा वेळ नुसता धरा, घासू नका, आणि बाटलीवर "धुण्याची गरज नाही" असं असलं तरी नंतर पाण्यानं धुवा, हे सगळं लेखात आहे. पोरीला तो वाचू दिला होता का, की बाटलीच हातात दिली?