प्रतिक्रियेला उत्तर : पांढरी पानं आणि तापलेला घाट

नमस्कार. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या घाटाचे मी इन्फ्रारेड फिल्मवर (म्हणजे लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर) काढलेले जे फोटो टाकले, त्यांवर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा, की इन्फ्रारेड म्हणजे उष्णताच, तेव्हा फोटोत पांढरीशुभ्र दिसणारी झाडाची पानं तापलेली असणार. शिवाय ही फिल्म फ्रिजमध्ये ठेवावी लागते, म्हणजे ती उष्णता टिपतेच. मग 'हा उष्णतेचा फोटो नव्हे' असं मी का लिहिलं?

कारण ते खरं आहे. कोडॅकची एचआयई ही इन्फ्रारेड फिल्म (आता बंद झाली) सुद्धा जेमतेम 900 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचाच प्रकाश बघायची. आपलं अंग, दगड, भिंत स्वतःहून जे किरण सोडतात, त्यांचा जोर 10,000 नॅनोमीटरच्या आसपास असतो. उकळत्या पाण्याचं पातेलं मिट्ट काळोखात ठेवून फोटो काढा, फिल्म कोरीच निघेल. राहिला फ्रिज. उबेत कुठलीही फिल्म उजेडाशिवायही हळूहळू खराब होते, ही जरा लवकर होते, एवढंच.

पानं पांढरी येतात ती ऊन परतवतात म्हणून. हरितद्रव्य लाल-निळा प्रकाश शोषतं, पण 700 नॅनोमीटरच्या पुढे ते जवळपास पारदर्शक होतं. मग पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्यात प्रकाश विखुरतो, निम्म्याच्या आसपास मागे फिरतो, उरलेला बराचसा आरपार जातो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी असे फोटो 1910 मध्येच प्रसिद्ध केले होते.

उष्णतेशी संबंध आहेच, पण तो उलट बाजूने. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते. त्यातलं जे परतलं नाही, आरपारही गेलं नाही, त्याची उष्णता होते. त्याच फोटोत घाटाच्या पायऱ्या बघा, बेसाल्ट काळा तो काळाच. शेजारी वाळत घातलेलं लुगडं डोळ्यांना तितकंच काळं होतं, फिल्मवर मात्र फिकट राखाडी आलंय, कारण त्याचा रंग इन्फ्रारेड अडवत नाही. दुपारी त्या पायऱ्यांवर अनवाणी पाय ठरत नाही, ते का हे फोटोत स्पष्ट दिसतं.

तरी फोटोवरून तापमान ठरवू नका. चुन्याची भिंत फोटोत पांढरी येते, पण 10,000 नॅनोमीटरला ती जवळजवळ काळी असते. ऊन कमी घेते आणि स्वतःची उष्णता भरपूर सोडते, म्हणून गार राहते. यातली दुसरी गोष्ट टिपायला थर्मल कॅमेराच लागतो, आणि त्याचं भिंग बहुधा जर्मेनियमचं असतं. माझ्या कॅमेऱ्याच्या साध्या काचेतून ते किरण फिल्मपर्यंत पोचतच नाहीत.