मोडी वाचणाऱ्याची तीन कोटेशन्स कुठून आणायची?

मानव्यविद्येच्या संशोधनाला विद्यापीठाचा निधी हवा असेल, तर अर्जात दर वर्षी तेच रकाने: उपकरणे, रसायने व काचसामान, पेटंटची शक्यता. मराठी किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाने तिथे काय लिहायचं? त्याचा खर्च माणसांवर होतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातला पेशवे दफ्तराचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की आत मोडी लिपीतले कागद. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यात शाई फुटलेली. असा कागद वाचणारा जाणकार पानावर पैसे घेतो आणि ते रास्तच आहे. पण लेखा विभागाला तीन कोटेशन्स आणि जीएसटीचं बिल हवं! अहो, तो काय दुकान थाटून बसलाय? पाच हजारांच्या वर रक्कम गेली तर महसूल तिकिटावर त्याची सही घ्या, सोबत पानांची यादी जोडा. एवढा पुरावा पुरेसा का मानत नाही?

त्यात हप्ता जानेवारीत जमा होणार आणि ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्यायचं. रुमाल काही अडीच महिन्यांत वाचून होत नाही. मग पैसे परत जाऊ नयेत म्हणून प्रिंटर घेतला जातो, कारण त्याची तीन कोटेशन्स एका दुपारीत मिळतात. शीर्ष, म्हणजे खर्चाचा रकाना, बदलायची परवानगी मागावी, तर ती येईपर्यंत एप्रिल उजाडतो. किमान 'मानधन व लिप्यंतर' हे एक स्वतंत्र शीर्ष द्या आणि मुदत मंजुरीच्या नव्हे, पैसे जमा झाल्याच्या तारखेपासून मोजा.