जबड्याची सूज आणि मेडिकलमधल्या गोळ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या आईंचा जबडा सुजला होता, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी सूज तीन दिवसांत उतरली आणि तरी मी एक्स-रे, रूट कॅनाल म्हणत लोकांना घाबरवते, असं तुम्ही लिहिलंत. खर्चाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पण सूज उतरली म्हणून आई बऱ्या झाल्या, हे मला मान्य नाही.

दाढेची कीड नसेपर्यंत पोचली की नस मरते. मेलेल्या नसेला रक्त मिळत नाही आणि गोळीतलं औषध पोचतं ते रक्तातूनच. त्यामुळे आजूबाजूचा संसर्ग आटोक्यात येऊन सूज बसते, पण मुळाच्या आतले जंतू जागेवरच राहतात. ते काढायचे तर रूट कॅनाल करायचं, नाहीतर दाढ काढायची. पू साठला असेल तर त्याला वाटही करून द्यावी लागते. दाढ काढणं हाही पुरा उपचार आहे, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत तो कमी खर्चात होतो.

राहिला घाबरवण्याचा मुद्दा. खालच्या मागच्या दाढांची मुळं इतकी खोल असतात की तिथला पू जबड्याखाली, गळ्याकडे उतरू शकतो. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी 1836मध्ये याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव या आजाराला मिळालं. जिभेखालचा भाग लाकडासारखा टणक होतो, जीभ वर ढकलली जाते, थुंकी गिळवत नाही, आवाज बदलतो, मग श्वास कोंडतो. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मोठं हॉस्पिटल गाठायचं. मधुमेह असेल तर हे फार झपाट्याने वाढतं.

आणि मुळात ती सूज दाढेचीच होती, हे काउंटरपलीकडून कसं कळलं? मी आधी विचारते, जेवायला बसल्यावर फुगतं का? तसं असेल तर लाळेच्या ग्रंथीत खडा असू शकतो. मग एक बोट जिभेखाली आणि दुसरा हात बाहेरून जबड्याखाली धरून चाचपते. खडा कधी कधी बोटाला लागतो. आरशाच्या दांड्याने दाढा एकेक करून ठोकते, दुखऱ्या दाढेवर पेशंट दचकतो. कानापुढे कटकट वाजतं, सकाळी जबडा आखडतो आणि सूज नाही, तर दुखणं बहुधा सांध्याचं. तिथे रूट कॅनाल करणं चूकच. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर दुखणं कमी होत असेल तर ते हृदयाचं असू शकतं, म्हणून आधी ईसीजी काढायचा. 2021मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कितीतरी जणांचे वरचे जबडे काढावे लागले. त्यात मधुमेही खूप होते. वरचा जबडा दुखणं, दात हलणं ही त्याची सुरुवातीची लक्षणं होती.

आता आईंसाठी. हिरडीवर बारीक पुटकुळी आहे का ते उजेडात बघा. त्या दाढेचा छोटा एक्स-रे काढून घ्या, पूर्ण जबड्याचा लगेच लागेलच असं नाही. साखर तपासा. पुन्हा सूज आली तर बाहेरून शेकू नका आणि उरलेल्या गोळ्या सुरू करू नका. एक्स-रेत काय निघालं ते मला जरूर कळवा.