‘ओलिसाबंग’ नावाचा प्रांतच नाही, तर तिथली चर्चेस जळतील कशी?

दर चार-सहा महिन्यांनी हा मेसेज आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा उगवतो. कधी बीडच्या नातेवाइकाकडून येतो, कधी हैदराबादहून, मागच्या खेपेला थेट दुबईहून आला. मजकूर साधारण असा: ‘तातडीची प्रार्थना विनंती! भारतात बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री २० चर्चेस जाळली. आज रात्री ते ओलिसाबंग प्रांतातील २०० चर्चेस नष्ट करणार आहेत. येत्या २४ तासांत २०० मिशनऱ्यांना मारण्याचा त्यांचा बेत आहे. सर्व ख्रिस्ती लोक खेड्यांत लपले आहेत. प्रार्थना करा आणि ओळखीच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला हा मेसेज पाठवा.’

त्याखाली पाच मिनिटांत वीस-पंचवीस ‘आमेन’.

मी स्वतः ख्रिस्ती आहे. आपल्या लोकांचा छळ होतो हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. म्हणूनच या मेसेजची एकेक ओळ धरून बोलायचं आहे.

‘काल रात्री’पासून सुरुवात करू. ही काल रात्र २०१०च्या सुमारापासून चालू आहे. हा मेसेज इंग्रजीत फिरला, मग जगभरच्या भाषांत गेला, आपल्याकडे मराठीत आला. तारीख कधीच नसते, म्हणून तो शिळा होत नाही. याचा एक जुळा भाऊही आहे: अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या दुपारी फाशी. त्याच्या मुळाशी निदान काहीतरी खरं सापडतं. २००७च्या जुलैमध्ये तालिबानने दक्षिण कोरियाच्या एका चर्चमधल्या २३ जणांना ओलीस धरलं होतं, त्यातल्या दोघांना मारलं आणि बाकीच्यांना ऑगस्टअखेर सोडलं. ते लोक घरी जाऊन वर्षं लोटली तरी त्यांची फाशी काही टळत नाही. ओलिसाबंगच्या मुळाशी तेवढंही नाही.

कारण ओलिसाबंग नावाचं राज्य भारतात नाही, केंद्रशासित प्रदेश नाही, जिल्हा नाही. नकाशा उघडायला लागतात दोन मिनिटं. आमच्या ग्रुपवर चार शिक्षक आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत. कुणीही नकाशा उघडला नाही, आमेन मात्र सगळ्यांनी लिहिलं.

आता ‘बौद्ध अतिरेकी’. या शब्दांवर मला थांबायचं आहे, कारण युरोपातल्या वाचकाला ते नुसते परके वाटतील; मराठवाड्यात ते शेजाऱ्याच्या दारावर जाऊन आदळतात.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. म्हणजे ‘भारतातले बौद्ध’ म्हटलं की चारातले तीन आपल्याच राज्यातले. आमच्याकडे एका आजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतलेला असतो आणि त्यांच्या सख्ख्या चुलतभावाच्या घराने १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतलेली असते. लग्नाच्या पंगतीला दोन्ही घरं एकाच ओळीत बसतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमची पोरं नाचतात, नाताळच्या फराळाला त्यांची येतात. आणि जाळपोळीचंच बोलायचं, तर १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात खेडोपाडी कुणाची घरं जळाली हे इथल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा. ज्यांनी ते सोसलं त्यांनाच जाळणारे ठरवून आपण वर ‘प्रार्थना करा’ म्हणतो.

ग्रुपमधल्या एका मावशींनी मेसेज वाचून मला फोन केला. ‘दादा, हे कुठं आलं? आपल्याकडं तर नाही ना?’ समजावून सांगितलं, त्या हो हो म्हणाल्या. नंतर कळलं, त्यांचा नातू संध्याकाळी शेजारच्या विहारातल्या अभ्यासिकेत जायचा, तो आठवडाभर घरीच होता. दहावीचं वर्ष. मेसेज पाठवणाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

बौद्ध समाजाकडून ख्रिस्ती लोकांना कुठेच त्रास झालेला नाही, असं मी म्हणत नाही. श्रीलंकेत प्रार्थनास्थळांवर जमाव चालून गेल्याच्या, त्यात भिक्खूही पुढे असल्याच्या घटना आहेत. तिथल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि सुवार्ताप्रसार यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, चर्चेसची राष्ट्रीय संघटना त्यांची नोंद ठेवते. पण ती नोंद गावानिशी, तारखेनिशी असते.

‘२०० मिशनरी’ हे तर चित्रच जुनं आहे. मिशनरी म्हटलं की टोपीवाला गोरा साहेब डोळ्यांपुढे येतो. आपल्यालाही येतो आणि आपल्या विरोधकांनाही. प्रत्यक्षात परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं कधीचंच दुरापास्त झालं आहे. पुढे बिशप झालेले व्ही. एस. अझराया आणि त्यांच्या सोबत्यांनी १९०५ साली नॅशनल मिशनरी सोसायटी काढली ती भारतीय माणसं आणि भारतीय पैसा यांवरच काम चालवायचं असं ठरवून. आज खेड्यात मार खातो तो आपल्यातलाच पाळक: जुन्या मोटारसायकलवर तीन वाड्या करणारा. उपकारस्तुतीच्या रविवारी उपासनेनंतर कोंबडी, भोपळा, तुरीचा कट्टा यांचा लिलाव होतो, एकच अंडं तिघे चढ्या बोलीने घेऊन परत दान करतात, त्या पैशांवर त्याचं घर चालतं. त्याचं नाव दोनशेच्या ढिगात घालायचं नसतं, ते नीट लिहायचं असतं.

आता मुख्य प्रश्न. एका रात्रीत खरंच वीस चर्चेस जळाली असती, तर ते आपल्याला कुठून कळलं असतं? अनोळखी नंबरवरून नव्हे. त्यासाठी चर्चेसनी यंत्रणा उभी केली आहे, आणि ती आजकालची नाही.

१८४६ साली लंडनमध्ये वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या पंथांतले इव्हँजेलिकल लोक एकत्र आले आणि इव्हँजेलिकल अलायन्स सुरू झाली. कुणी आपला पंथ सोडला नाही, एक मुख्यालय सगळ्यांवर बसवलं नाही. छळाविरुद्ध एकत्र बोलणं हे तिचं अगदी सुरुवातीपासूनचं काम. इटलीत तस्कनी राज्यातल्या फ्लॉरेन्समधलं मादियाई जोडपं, फ्रान्सेस्को आणि रोझा, घरात बायबल वाचून प्रोटेस्टंट मत पसरवतात म्हणून १८५२ साली तुरुंगात गेलं. त्यांच्यासाठी अलायन्सचं शिष्टमंडळ तस्कनीला गेलं. तिथल्या ग्रँड ड्यूकने भेट नाकारली, पण गाजावाजा इतका झाला की पुढच्याच वर्षी दोघं सुटली. दोन नावं, एक शहर, एक न्यायालय, एक शिक्षा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, तारायंत्र बाल्यावस्थेत असताना, लोकांना एवढं कळत होतं.

आणि हे सगळं परक्यांचं असं समजू नका. १८७३च्या ऑक्टोबरात याच अलायन्सची परिषद न्यूयॉर्कला भरली तेव्हा तिथे बोलायला उभे राहिले रेव्ह. नारायण शेषाद्री. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, मूळचे ब्राह्मण, आणि जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे. त्या वसाहतीला जमीन दिली होती निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. मराठी पाळक, मुसलमान दिवाणाची जमीन आणि न्यूयॉर्कचं व्यासपीठ: आमच्या जालन्याचं आंतरराष्ट्रीय सहकार्य हे असं होतं. आज जालन्यात किती जणांना ते ठाऊक आहे कोण जाणे.

१९५१ साली त्या जुन्या धाग्यातून वर्ल्ड इव्हँजेलिकल फेलोशिप उभी राहिली, आजची वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स. त्याच वर्षी आपल्याकडे इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचा धर्मस्वातंत्र्य आयोग दरवर्षी अहवाल काढतो. २०२४चा अहवाल घ्या. आयोगाकडे ८४० घटना कळवल्या गेल्या. पडताळणीनंतर अहवालात धरल्या ६४०. म्हणजे दोनशे बाजूला ठेवल्या. त्या सगळ्या खोट्या होत्या असं नाही, पण खातरजमा झाली नाही तर छापायचं नाही, ही शिस्त. युनायटेड ख्रिश्चन फोरम हे दुसरं व्यासपीठ वेगळ्या पद्धतीने, हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारींवरून मोजतं. त्याचा त्याच वर्षाचा आकडा ८३४. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून कुणी हसेल. मला उलट त्यातच भरवसा वाटतो, कारण कोणी कसं मोजलं ते विचारता येतं. ओलिसाबंगला काय विचारणार?

छळाचं गाऱ्हाणं हे सगळं बनावटच असतं, असं म्हणणारा दुसरा पक्ष इथे टाळ्या वाजवील, म्हणून कंधमाल. ऑगस्ट २००८ मध्ये स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची हत्या झाली आणि त्यानंतर ओडिशाच्या त्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले. माणसं मेली, हजारो लोक जंगलात आणि छावण्यांत राहिले. कटक-भुवनेश्वरचे कॅथलिक आर्चबिशप राफाएल चीनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ साली न्यायालयाने भरपाई वाढवायला सांगितलं आणि नोंदवलेल्या ८२७ गुन्ह्यांपैकी ३१५ मध्ये आरोपपत्रच गेलं नाही, ती प्रकरणं पुन्हा तपासा असंही सांगितलं. न्यायालयापुढे हे टिकलं ते कागदांमुळे. जळलेल्या घराचा पंचनामा, छावणीतली नावं, शपथपत्रं.

मणिपूरचंही तसंच बघा. मे २०२३ पासून तिथे शेकडो चर्चेस जळाली, पण तो कुकी (बहुतेक ख्रिस्ती) आणि मैतेई (बहुतेक हिंदू) यांच्यातला वांशिक संघर्ष आहे. मैतेई ख्रिस्ती लोकांची चर्चेसही त्यात गेली आणि मंदिरंही गेली. ‘ख्रिस्ती विरुद्ध हिंदू’ एवढ्या चौकटीत ते बसवून फॉरवर्ड केलं की त्या मैतेई ख्रिस्ती माणसाचं दुःख कुठल्याच बाजूला उरत नाही.

‘पण भाऊ, प्रार्थना केल्याने काय बिघडतं? देवाला तर खरं-खोटं कळतंच.’ हा प्रश्न मला पाळकांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे, आणि मेसेजच्या बाजूने असलेला हाच एक खरा युक्तिवाद आहे. प्रार्थनेनं काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘सर्वांना पाठवा’ने. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यामागचे मेसेजही ‘सावध राहा, सर्वांना पाठवा’ असेच, काळजीपोटी पाठवलेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. भारतीय न्याय संहितेत दोन समाजांत तेढ लावणाऱ्या आणि अफवा पसरवणाऱ्या मजकुरासाठी कलमं आहेत, अनुक्रमे १९६ आणि ३५३. ‘मी फक्त पुढे ढकललं’ हे पोलीस ठाण्यात सांगून पाहा.

शिवाय प्रार्थनेचं म्हणाल, तर इव्हँजेलिकल परंपरेनेच ती एकटी सोडलेली नाही. १९७४ साली स्वित्झर्लंडमध्ये लोझानला सुमारे १५० देशांतले इव्हँजेलिकल लोक परिषदेला जमले होते. तिथल्या करारात अन्यायाने तुरुंगात असलेल्यांसाठी आम्ही प्रार्थना करू आणि त्यांच्या सुटकेसाठी कामही करू, असं वचन आहे. ओलिसाबंगच्या माणसासाठी काम कसं करणार? ना नाव, ना तुरुंग, ना वकील. आणि प्रार्थनेला दिवसही आहे: १९९६ पासून दर नोव्हेंबरच्या सुरुवातीला छळ सोसणाऱ्या मंडळ्यांसाठी जगभर प्रार्थना होते. त्या रविवारसाठी खऱ्या नावांची यादी मिळते. आमच्याकडे ती गेल्या वर्षी वाचली गेली तेव्हा अर्धी मंडळी जेवणाच्या गडबडीत होती, हेही सांगतो.

एक कागद तर आपण सुवार्ताकार्य करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायला हवा. २०११ साली वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद यांनी मिळून जिनिव्हात तो प्रसिद्ध केला. मादियाईंना डांबलं ते कॅथलिक राज्यानं होतं, तिथून हे लोक इथवर आले. बहुधर्मीय जगात साक्ष कशी द्यावी याची बारा तत्त्वं त्यात आहेत. गरिबीचा फायदा घ्यायचा नाही, पैशाचं आमिष नको, हे त्यात स्पष्ट आहे. आणि दुसऱ्या धर्माविषयी खोटी साक्ष द्यायची नाही, हे एक स्वतंत्र तत्त्वच आहे. ‘बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री’ हे त्या तत्त्वाखाली सरळ येतं. आपल्याविषयी दहा खोटे मेसेज फिरतात म्हणून आपण चिडतो, आणि शेजाऱ्याविषयी हा अकरावा आपणच फिरवतो.

राहिली शेवटची ओळ, ‘ओळखीच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला पाठवा’. खरी घटना कानावर आली तर प्रत्येकाला पाठवायचं नसतं. गाव, तालुका, तारीख, वेळ लिहून घ्या. तक्रार दिली का, एफआयआर नंबर काय, दवाखान्याचे कागद आहेत का, हे विचारा. मग आपल्या पाळकांमार्फत किंवा थेट अशा आयोगाला आणि ओळखीच्या वकिलाला कळवा. ज्याला मार लागला त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव, फोटो, बायकोपोरांची माहिती ग्रुपवर टाकू नका. आपण ‘आमेन’ टाकून झोपतो. त्याला सकाळी त्याच गावात, त्याच लोकांच्या हापशावर पाणी भरायचं असतं.