इन्सुलिन मिळत नसताना फोनचा उपयोग काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इन्सुलिनच्या टंचाईत दूरस्थ उपचारांमुळे, म्हणजे फोन किंवा व्हिडिओ कॉलवरून दिलेल्या सल्ल्यामुळे, रुग्णांना आधार देता येतो, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपण कठोर, पण मुद्देसूद प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपल्या भावाला टाइप 1 मधुमेह आहे, म्हणजे त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. त्याचे नेहमीचे इन्सुलिन दुकानांत मिळेनासे झाले, तेव्हा दवाखान्याने त्याला चार दिवसांनंतरची व्हिडिओ कॉलची वेळ दिली, असे आपण लिहिले आहे. त्यावरून आपण तीन आक्षेप घेतले आहेत. फोनमधून इन्सुलिनची कुपी येत नाही, रुग्ण समोर नसताना डोस बदलणे धोक्याचे आहे आणि टंचाईची सर्वाधिक झळ ज्यांना बसते त्यांच्याकडेच स्मार्टफोन नसतो.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. टाइप 2 मधुमेहात ज्यांना इन्सुलिनची गरज आहे, त्यांच्यापैकी दर दोघांमागे एकाला ते मिळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही तूट कोणत्याही कॉलने भरून निघणारी नाही. शिवाय अडचण केवळ पैशांची असते असेही नाही. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने 2023 मध्ये अमेरिकेत लेव्हेमिर हे इन्सुलिन बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांना ते परवडत होते त्यांनाही दुसरे इन्सुलिन शोधावे लागले. पुरवठ्याचा प्रश्न पुरवठ्यानेच सुटेल आणि व्हिडिओ कॉलची संख्या दाखवून कोणी त्यावर पांघरूण घालत असेल, तर आपला संताप योग्यच आहे.

माझा मुद्दा मात्र कुपी संपत आल्यापासून नवी हाती येईपर्यंतच्या काळाचा आहे. त्या काळात रुग्ण नुसता वाट पाहत बसत नाही, तर निर्णय घेत असतो. कोणी उरलेले इन्सुलिन पुरवण्यासाठी प्रत्येक डोस थोडा कमी करतो, कोणी रात्रीचा डोस गाळतो, कोणी नातेवाइकाचे वेगळ्या प्रकारचे इन्सुलिन तितक्याच युनिटांत घेतो आणि कोणी जेवणच टाळतो, म्हणजे इन्सुलिन लागणार नाही असे त्याला वाटते. टाइप 1 मध्ये हा शेवटचा समज फार घातक आहे, कारण उपाशी असतानाही शरीराला इन्सुलिन लागतेच. ते मिळाले नाही की चरबीचे विघटन होऊन रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचू लागतात आणि एकदोन दिवसांत, इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर काही तासांतच, जिवावर बेतू शकते. हे सारे निर्णय घरी, एकट्याने आणि बहुधा कोणाला न सांगता घेतले जातात. त्या वेळी जाणकार माणूस रुग्णाशी बोलत असावा, एवढेच मला म्हणायचे आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते.

आता डोसविषयी. समोर न पाहता डोस बदलण्यात धोका आहे हे खरे, पण टंचाईत डोस बदलतोच. तो कोणाच्या सल्ल्याने बदलतो, इतकाच प्रश्न उरतो. दिवसातून दोनदा घ्यायचे एनपीएच (मध्यम काळ टिकणारे इन्सुलिन) थांबवून एकदा घ्यायचे ग्लार्जिन (दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन) सुरू करताना एकूण युनिटे सर्वसाधारणपणे 20 टक्क्यांनी कमी ठेवून सुरुवात करतात आणि मग साखर पाहून वाढवतात. हे ठाऊक नसलेला रुग्ण जुनाच आकडा घेतो आणि त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लिस्प्रो किंवा अस्पार्ट या जेवणाच्या वेळी घ्यायच्या जलद इन्सुलिनऐवजी साधे रेग्युलर इन्सुलिन मिळाले, तर ते जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी घ्यावे लागते. सर्वांत भीषण चूक सिरिंजची. यू-40 (मिलिलिटरमागे 40 युनिटे) कुपी न मिळाल्यामुळे यू-100 (मिलिलिटरमागे 100 युनिटे) आणली आणि सिरिंज जुनीच वापरली, तर 10 च्या खुणेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये प्रत्यक्षात 25 युनिटे असतात. अशा चुका टाळण्यासाठी रुग्णाला तपासावे लागत नाही. कुपीवर आणि सिरिंजवर काय छापले आहे ते त्याच्याकडून वाचून घ्यावे लागते, त्याच्या गेल्या काही दिवसांच्या नोंदी ऐकाव्या लागतात आणि सांगितलेला डोस त्याच्या तोंडून परत वदवून घ्यावा लागतो. ही कामे फोनवर नीट होतात.

काही गोष्टी फोनवर होऊच शकत नाहीत. सतत उलट्या, जोरजोरात चालणारा श्वास, पोटदुखी, गुंगी किंवा रक्तातील कीटोन 3 मिलिमोल प्रति लिटरपेक्षा अधिक, यांपैकी काहीही असेल तर फोनवरील व्यक्तीने एकच सांगावे : ताबडतोब रुग्णालय गाठा. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत तर इतकी लक्षणे दिसेपर्यंतही थांबू नये.

स्मार्टफोनचा आपला आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण तो सेवेच्या रचनेवरच बोट ठेवतो. वर सांगितलेल्या कामांपैकी बहुतेकांना साधा आवाजी कॉल पुरतो. अ‍ॅप, व्हिडिओ किंवा सेन्सर असल्यास उत्तम, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. खरी अट निराळी आहे. फोन दवाखान्याने करायला हवा. इन्सुलिनवर असलेल्या प्रत्येक रुग्णाची यादी हाताशी असावी, प्रत्येकाकडे किती दिवसांचा साठा आहे याची नोंद असावी आणि ज्याचा साठा आठवड्याच्या आत संपणार आहे त्याला आधी फोन जावा. रुग्णाने फोन करावा म्हणून वाट पाहणारी यंत्रणा ज्याला बोलता येते, ज्याच्याकडे वेळ आहे, त्यालाच मदत करते. फोनवरचा प्रश्नही जपून विचारायला हवा. ‘डोस चुकवता का?’ असे विचारले की उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ‘इन्सुलिन पुरवून पुरवून वापरावे लागते, असे अनेक जण सांगतात, आपल्यावर तशी वेळ आली आहे का?’ असे विचारले तर माणूस मोकळा होतो. साखर तपासायच्या पट्ट्याही अपुऱ्या असतात. अशा वेळी निदान सकाळी उपाशीपोटी, झोपण्यापूर्वी आणि नवे इन्सुलिन सुरू केल्यावरच्या दिवसांत त्या वापरायला सांगाव्यात. टंचाईच्या धास्तीने जास्तीच्या कुप्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या जातात, हेही फोनवर विचारूनच कळते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले, तरी ते वापरायचे नसते.

आपल्या भावाला चार दिवसांनंतरची वेळ देऊन मधल्या दिवसांविषयी कोणी काहीच सांगितले नसेल, तर त्याला मी दूरस्थ उपचार म्हणणार नाही. दवाखान्याकडे आजच तीन गोष्टी लेखी मागाव्यात : नेहमीच्या इन्सुलिनऐवजी कोणते चालेल, ते किती युनिटे आणि किती वाजता घ्यायचे, आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर कोण उत्तर देईल. उरलेले इन्सुलिन एकदोन दिवसांपुरतेच असेल आणि पर्याय मिळाला नसेल, तर कॉलच्या वेळेची वाट न पाहता त्याला जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जावे. तेथे पोहोचताच ‘टाइप 1 आहे आणि इन्सुलिन संपत आले आहे’ हे आधी सांगावे, आणि जुनी कुपी व सिरिंज दोन्ही सोबत ठेवावीत.