शेजाऱ्याशी खेळू नये

अमेरिकेतल्या एखाद्या आडगावच्या सरकारी विद्यापीठाचे तुम्ही अध्यक्ष झाला असाल, तर आधी अभिनंदन. (मराठी माणूस कुठवर पोचेल याचा नेम नाही.) ग्रंथालयाचं गळकं छप्पर, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा वगैरे किरकोळ बाबी सावकाश बघता येतील. पहिल्या दिवशी एकच फाइल मागवा, फुटबॉलची. फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून पळायचा तो प्रकार. त्यात तुमचं विद्यापीठ कुठल्या कॉन्फरन्समध्ये आहे, यावर तुमची खुर्ची किती टिकेल ते ठरतं.

आसपासच्या आठ-दहा विद्यापीठांनी दरवर्षी आपसात खेळावं आणि हरलेल्याने पुढच्या मोसमापर्यंत टोमणे ऐकावेत, अशी कॉन्फरन्सची एक बाळबोध कल्पना पूर्वी होती. ती डोक्यातून काढा. 1984 साली सुप्रीम कोर्टाने एनसीएए या शिखर संघटनेची सामन्यांच्या टीव्ही हक्कांवरची मक्तेदारी मोडली. खटला लढवणाऱ्यांत ओक्लाहोमा विद्यापीठाचे विश्वस्त होते. तेव्हापासून ज्याचा माल त्याने विकावा असं झालं, आणि एकगठ्ठा विकला की भाव चांगला येतो हे कळायला अध्यक्ष असावं लागत नाही. कॉन्फरन्स म्हणजे तो गठ्ठा. तुम्ही गठ्ठ्यात आहात की गठ्ठा बांधून उरलेल्या सुतळीत, एवढंच बघायचं.

भूगोलाच्या विभागाला फार मनावर घेऊ नका. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आता स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, जिथून प्रशांत महासागर गाडीने तासाभरावर आहे. गणिताचा विभागही तसाच. बिग टेनमध्ये 18 विद्यापीठं आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये 16. कुणी प्राध्यापक याबद्दल कुरकुरला, तर त्याच्या विभागाचा खर्च एकदा तपासून घ्या. लॉस एंजेलिसची मुलं आता न्यू जर्सीला रटगर्सशी खेळायला जातात, म्हणजे एका बाजूचा प्रवास जवळपास 4,000 किलोमीटर. फुटबॉलवाल्यांचं ठीक आहे. त्यांचा सामना आठवड्यातून एकदा, तोही खास विमानाने. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींचे सामने मात्र सारखे असतात. त्यांनी अभ्यास विमानतळावर करावा. हल्ली तिथे वायफाय फुकट असतं.

निष्ठेबद्दल तुम्हाला भाषण करावं लागेल, ते मनापासून करा. निघायचं कधी हे मात्र कुणाला कळू देऊ नका. 30 जून 2022 रोजी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन बड्या विद्यापीठांनी पॅक-12 ही 1915 सालची कॉन्फरन्स सोडून बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. त्याच तारखेला मुंबईत राजभवनावर एक शपथविधी होता. तारखेतच काही गुण असावा. यूसीएलए आणि बर्कली तर एकाच सरकारी विद्यापीठाच्या दोन शाखा. म्हणून पुढे रीजंट्सनी, म्हणजे त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, निघालेल्या भावाने मागे राहिलेल्याला वर्षाला 1 कोटी डॉलर द्यावेत असं ठरवलं. घोषणेनंतर दोन महिन्यांतच बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी 7 वर्षांचा 700 कोटी डॉलरहून मोठा करार केला, त्यामुळे पोटगी जड जाऊ नये.

मागे राहिलेल्यांनी काय करू नये, याचाही धडा याच कॉन्फरन्सने घालून दिला. ईएसपीएनने दर विद्यापीठामागे वर्षाला 3 कोटी डॉलर देऊ केले आणि यांनी 5 कोटी मागितले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. चर्चा करता करता हातात अ‍ॅपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव तेवढा उरला. कोलोरॅडो आधीच निसटलं होतं. 4 ऑगस्ट 2023 या एका दिवसात आणखी पाच गेली. ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. महिनाभरात स्टॅनफर्ड आणि बर्कलीनेही अटलांटिक गाठला. बारातली दहा गेली.

उरलेली दोन म्हणजे ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. यांचा गुन्हा काय, तर गावं लहान. वॉशिंग्टन स्टेटचं पुलमन हे सुमारे 33 हजार वस्तीचं गाव, आणि स्टेडियमही सुमारे 33 हजारांचं. अख्खं गाव सामन्याला आलं, तरी टीव्हीवाल्याच्या हिशेबात ते न्यूयॉर्कच्या एका गल्लीएवढं. ऑरेगन स्टेटने तर त्याच उन्हाळ्यात 16 कोटींच्या आसपास डॉलर खर्चून स्टेडियमची नवी बाजू बांधून पूर्ण केली होती. बांधकाम उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तुम्हीही बांधा. पाहुणे कोण येणार ते नंतर बघता येतं.

या दोघांनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचं नाव आणि तिजोरीचा ताबा मात्र मिळवला. आपल्याकडे नाव आणि चिन्ह निघून जाणाऱ्यांना मिळालं, तिकडे राहिलेल्यांना. 2024 चा मोसम मग दोघांच्याच कॉन्फरन्समध्ये पार पडला, आणि 2025 मध्ये ती एकमेकांशी दोनदा खेळली.

इथून पुढचं नीट वाचा, कारण तुमच्या उपयोगाचं आहे. वरच्याने तुम्हाला लुटलं, तर दुःख गिळून खालच्याकडे वळायचं. 2024 चं वेळापत्रक भरायला या दोघांना माउंटन वेस्ट या धाकट्या कॉन्फरन्सने सामने दिले. करारात एक अट होती, आमची विद्यापीठं पळवलीत तर दंड. सह्या झाल्या. सप्टेंबर 2024 मध्ये दोघांनी त्याच कॉन्फरन्समधून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि युटा स्टेट अशी पाच उचलली. दंडाचा आकडा 5.5 कोटी डॉलर आला, तेव्हा ही अटच बेकायदा आहे म्हणून उलट खटला भरला. वर्षभरापूर्वी याच मंडळींसाठी साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली होती. हळहळ ही अशी पटकन वटवावी, तिची मुदत फार नसते.

माउंटन वेस्टनेही तेच केलं. टेक्ससचं यूटीईपी एका कॉन्फरन्समधून आणलं, इलिनॉयचं नॉर्दर्न इलिनॉय दुसरीतून. हे दुसरं मक्याच्या सपाट शेतांतलं आहे. माउंटन शोधायला निघालात तर रात्रीचा मुक्काम वाटेत करावा लागेल.

नॉर्दर्न इलिनॉयचं नाव निघालंच आहे, तर कमाईचा दुसरा मार्ग सांगतो. मोठी विद्यापीठं मोसमाच्या सुरुवातीला लहानांना घरी बोलावतात, बदडतात आणि त्याबद्दल मानधन देतात. सप्टेंबर 2024 मध्ये नॉत्र डेमने या विद्यापीठाला 14 लाख डॉलर देऊन बोलावलं. पाहुण्यांनी 16-14 ने सामना जिंकला. पैसे घेऊन असं वागणं बरं दिसत नाही. पुढे नॉत्र डेम राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं. नॉर्दर्न इलिनॉय गेलं नाही. तेव्हा जिंकून काही होतं, असा गैरसमज नको. 2026 पासून प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीच्या, पैशात बिग टेन आणि एसईसी या दोन बड्या कॉन्फरन्सना प्रत्येकी सुमारे 29 टक्के आहेत. तुमच्यासारख्या लहान कॉन्फरन्सच्या सगळ्यांना मिळून 9. त्यात आपसात भांडायला भरपूर वाव आहे.

चांगला खेळाडू घडवलात, तर त्याच्या निरोपसमारंभाचा हॉल आधीच बुक करा. कॅम वॉर्ड दोन मोसम पुलमनमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, होता. मग मायामीला गेला, आणि 2025 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला. तुमच्या विद्यापीठाला कुठल्याच कॉन्फरन्सने बोलावलं नाही, तर फुकट जायची तयारी ठेवा. डॅलसच्या एसएमयूने 9 वर्षं टीव्हीचे पैसे नकोत म्हणून अटलांटिक कोस्टमध्ये जागा मिळवली. त्यांचे माजी विद्यार्थी श्रीमंत आहेत. तुमचे बहुधा शेतकी पदवीधर असतील. त्यांना पत्र लिहून पाहा.

एक वाट मात्र धरू नका. पुलमनपासून 13 किलोमीटरवर, राज्याची सीमा ओलांडली की मॉस्को नावाच्या गावात आयडाहो विद्यापीठ आहे. 1959 पर्यंत तेही याच प्रशांत किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये होतं. नंतर भटकंती झाली. एका कॉन्फरन्सने फुटबॉलच बंद केला, मग दक्षिणेतल्या सन बेल्टने घेतलं आणि काही वर्षांनी नारळ दिला. तेव्हा अध्यक्षांनी सरळ खालच्या श्रेणीत उतरायचं ठरवलं. देणगीदार खवळले, नाक कापलं म्हणाले. 2018 पासून ते बिग स्कायमध्ये मोंटाना, ईस्टर्न वॉशिंग्टन वगैरे जुन्या ओळखीच्या मंडळींशी खेळतं. 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं त्या श्रेणीच्या प्लेऑफमध्येही पोचलं. काही सामन्यांना बसने जाता येतं, समोरचे प्रेक्षक ओळखीचे निघतात आणि मुलं सोमवारी वर्गात हजर असतात. अशा गोष्टीला कोणता टीव्हीवाला पैसे देईल, सांगा.